धीर धरायलाही भांडवल लागतं

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला तो १९०३ च्या सुमारास. नांगर उत्तम होता. लाकडी नांगरापेक्षा खोल जायचा, माती नीट उलथवायचा. पण शेतकरी त्याला हात लावायला तयार नव्हते. लोखंड जमिनीत गेलं की जमिनीला विष भिनतं, पीक मारलं जातं, अशी त्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली.

ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी शाळेपासून ऐकलेली असते आणि तिचं तात्पर्यही ठरलेलं असतं: जिद्द ठेवा, यश मिळेलच. ते खोटं नाही. पण जो स्वतः धंदा करतोय किंवा करायच्या विचारात आहे, त्याच्या मनात या गोष्टीनं आणखी एक प्रश्न उभा राहायला हवा. त्या दोन वर्षांत चूल कशावर पेटली? कामगारांना पगार कुठून दिला? लोखंड कशाच्या पैशांनी आणलं?

उत्तर साधं आहे. किर्लोस्कर बंधूंचं काम नांगराच्या आधीपासून चालू होतं. लक्ष्मणराव मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, तेव्हापासून ते मुंबईहून सायकली बेळगावला पाठवत आणि तिथे थोरले बंधू रामुअण्णा त्या विकत. नुसत्या विकत नसत, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. पुढे नोकरीत बढती डावलली गेली तेव्हा लक्ष्मणराव ती सोडून बेळगावला आले. मग कडबा कापायची यंत्रं आली. नांगर खपत नव्हता, तरी दुकान आणि वर्कशॉप चालू होतं, आणि म्हणूनच नांगराला थांबता आलं. लक्ष्मणरावांच्या मनाची ताकद मोठी होतीच, पण त्या ताकदीला रोजच्या गल्ल्याचा आधार होता.

मला या लेखात हेच सांगायचं आहे. चिकाटी हा स्वभावाचा गुण आहे असं आपण मानतो. कुणाकडे तो असतो, कुणाकडे नसतो. धंद्यात मात्र चिकाटीची सोय करून ठेवावी लागते, हिशेब मांडून, महिने मोजून. ज्याने ती सोय केलेली नाही तो कितीही कणखर असला तरी एका ठरावीक तारखेला त्याला शटर खाली ओढावं लागतं, कारण त्या दिवशी बँकेचा हप्ता असतो.

तुमची चिकाटी किती महिन्यांची?

एक कागद घ्या. समजा सांगलीत किंवा नाशिकमध्ये तुमचं जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे. जागेचं भाडं १२ हजार, दोन कामगारांचे पगार मिळून ३० हजार, वीजबिल ८ हजार, मशीनच्या कर्जाचा हप्ता १५ हजार. झाले ६५ हजार. त्यात घरखर्चाचे २५ हजार मिळवा. हे मिळवायला लोक विसरतात, आणि मग कुठे गळती आहे ते वर्षभर शोधत बसतात. एकूण ९० हजार. काम येवो वा न येवो, महिन्याला एवढे जाणारच.

आता शिल्लक पाहा. समजा ३ लाख ६० हजार आहेत. एकही काम आलं नाही तर तुमची चिकाटी चार महिन्यांची. पण कच्चा माल वगैरे वजा जाऊन दरमहा ५० हजार सुटत असतील, तर दर महिन्याची तूट ४० हजार आणि चिकाटी नऊ महिन्यांची. भाड्याची जागा सोडून दुसऱ्याच्या शेडमध्ये अर्धी जागा घेतली आणि ६ हजार वाचवले तर तूट ३४ हजारांवर येते, आणि नऊ महिन्यांचे साडेदहा होतात. त्या वाढलेल्या दीड महिन्यात एखादं नवं गिऱ्हाईक मिळू शकतं. धंद्यात बऱ्याचदा एवढ्याशाच अंतरानं माणूस तरतो किंवा बुडतो.

हा आकडा दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नव्याने काढायचा. तो सहाच्या खाली आला की नवी खरेदी थांबवायची, तीनच्या खाली आला की खर्च कापायला लागायचं आणि घरच्यांना तसं सांगायचं. सहा आणि तीन हे आकडे मी माझ्या समजुतीनं ठरवलेत. ज्यांचा धंदा हंगामी आहे, म्हणजे लग्नसराई, गणपती किंवा उन्हाळी पदार्थांवर चालतो, त्यांनी ते आणखी वर नेलेले बरे.

घरच्यांना सांगण्याबद्दल थोडं थांबून लिहितो. आपल्याकडे पुरुष धंद्याची अडचण घरात सांगत नाहीत आणि बायका घरगुती उद्योगातला तोटा नवऱ्यापासून लपवतात. दोघांचाही हेतू चांगला असतो, काळजी नको म्हणून. पण घरात आकडा माहीत नसला की दिवाळीचा खर्च नेहमीसारखाच होतो, मुलाच्या क्लासची फी एकरकमी भरली जाते, आणि तुमच्या हातातले दोन महिने कुणालाही न कळता निघून जातात. आकडा घरात माहीत असू द्या. बहुतेक घरं तो ऐकून कोसळत नाहीत, उलट हात आवरता घेतात.

ऐंशी रुपये आणि एक खाट

खर्च कमी ठेवण्याची ताकद काय असते ते पाहायचं असेल तर लिज्जत पापडाची सुरुवात पाहावी. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गुजराती बायका गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने, छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये.

त्या पहिल्याच वर्षी पावसाळा आला आणि काम चार महिने बंद ठेवावं लागलं, कारण पापड वाळणार कुठे? आज एखाद्या तरुणाने मोठं कर्ज काढून, मोक्याची जागा भाड्याने घेऊन धंदा मांडला आणि चार महिने उत्पादन थांबलं, तर तो तिथेच संपेल. लिज्जतच्या बायका संपल्या नाहीत, कारण थांबल्यावर वाढत जाईल असा खर्चच त्यांच्याकडे नव्हता. गच्ची होती, पोळपाट-लाटणी होती. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर पसरायचे, स्टोव्ह खाली पेटवायचा. पावसाळ्यातही काम चालू राहिलं.

या खाटेचं मला फार मोल वाटतं. पहिल्या पावसाळ्यात अडचण काय आहे ते कळलं आणि दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत त्यावर अगदी स्वस्तातला तोडगा निघाला. वाळवण्याचं यंत्र घेण्याइतके पैसे जमेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. तुमच्याही धंद्यात दरवर्षी त्याच महिन्यात तीच अडचण येत असेल, तर तिच्यासाठी तुमची खाट कोणती हे आधीच्या हंगामातच शोधून ठेवा. आंबापोळीवाल्याला जूनचं आभाळ नवीन नसतं. फटाक्यांच्या स्टॉलवाल्याला परवान्याची रांग नवीन नसते.

लिज्जतची दुसरी शिकवण आहे मजुरीच्या हिशेबाची, आणि घरगुती उद्योग करणाऱ्या प्रत्येक बाईनं ती घ्यावी असं मला मनापासून वाटतं. तिथे भिजवलेलं पीठ घरी नेऊन पापड लाटून आणणाऱ्या भगिनीला लाटणावळ मिळते, वजनावर. म्हणजे पापडाच्या किमतीत लाटणारीची मेहनत आधीच धरलेली असते. आपल्याकडे मात्र घरी चकली, मसाला, लोणचं, डबे करणाऱ्या बायका किंमत कशी ठरवतात? किराणा किती, गॅस किती, पाकीट किती, त्यावर थोडं वर. सकाळी पाचला उठून उभं राहण्याचे पैसे कुठेच नाहीत. मग गिऱ्हाईक वाढतं, मेहनत दुप्पट होते, आणि वर्षअखेरीला हातात काही नसतं. वर घरातलंच कुणीतरी म्हणतं, तुझं हे सगळं हौसेसाठी आहे. तुम्हाला मदतीला बाई ठेवावी लागली तर तासाला जे द्याल, ते स्वतःच्या नावावर धरा आणि मग किंमत ठरवा. त्या किमतीला माल विकला जात नसेल तर ते आजच कळलेलं बरं. कंबर कायमची धरल्यानंतर कळून उपयोग नाही.

मेहनत कुठे घालायची

कष्टाळू लोकांची आपल्याकडे वाण नाही. बारा-चौदा तास दुकानात बसणारे, रात्रपाळीला स्वतः मशीनवर उभे राहणारे खूप आहेत. तरीही त्यांतल्या अनेकांचा धंदा पुढे सरकत नाही. याचं एक कारण असं की आपण ज्या कामात मुरलेलो असतो, तेच काम जास्त करतो. टर्नर असेल तो लेथवर जास्त वेळ उभा राहतो. सुगरण असेल ती नवा पदार्थ करून पाहते. ज्या कामाची भीती किंवा लाज वाटते, ते काम मागे पडतं. येणं मागण्यासाठी फोन करणं. संध्याकाळी रोजमेळ लिहिणं. जे गिऱ्हाईक यायचं बंद झालं त्याच्याकडे जाऊन, आमचं काय चुकलं, हे विचारणं. या तीन कामांना अंगमेहनत लागत नाही, पण ती सगळ्यात जड जातात.

म्हणून आपण नेमके कुठे अडलोय हे आधी ओळखायला हवं. त्यासाठी एकच गोष्ट बघा: गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं का?

लोक पहिल्यांदाच येत नसतील, तर अडचण विश्वासाची किंवा ओळखीची आहे. नांगराची अडचण ही होती. १९५२ साली मुंबईत विको सुरू करणाऱ्या केशवराव पेंढरकरांचीही सुरुवातीला हीच अडचण होती. वज्रदंती पावडर घेऊन ते आणि त्यांची मुलं दारोदार फिरली. इथे चिकाटीला पर्याय नाही. माल घेऊन लोकांपर्यंत जावं लागतं, वापरून पाहू द्यावा लागतो, नमुना फुकट द्यावा लागतो, आणि लोकांच्या डोळ्यांदेखत तो काम करतो हे दाखवावं लागतं. यात महिने जातात. वर काढलेला महिन्यांचा आकडा इथेच खर्च करायचा असतो. किर्लोस्करांनी पुढे १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं छोटं मासिक काढलं. आपल्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवणं हा त्यामागचा मूळ हेतू होता. त्यातूनच शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर’ मासिक घडवलं. नांगर विकणाऱ्यानं छापखान्याचाही विचार केला, यावरून कळतं की गिऱ्हाइकाशी बोलत राहणं हे त्यांच्या लेखी कारखान्याच्याच कामाचा भाग होतं.

लोक एकदा येतात आणि पुन्हा येत नाहीत, ही दुसरी अवस्था. इथे जाहिरात वाढवणं, पत्रकं वाटणं, दुकान जास्त वेळ उघडं ठेवणं याचा काहीच उपयोग नाही. दोष मालात आहे किंवा वागण्यात. माल सुधारेपर्यंत नवीन गिऱ्हाईक आणणं म्हणजे नाराज माणसांची संख्या वाढवणं. लिज्जतने सुरुवातीला दोन प्रतींचे पापड केले होते, त्यातला हलका स्वस्त दरात विकायला. पारेखांनी, म्हणजे छगनबापांनी, सांगितलं की एकच चांगली प्रत ठेवा, दर्जात तडजोड नको. त्यांनी ते ऐकलं. त्या वेळी त्यांच्यासारख्यांना स्वस्त प्रतीतून येणारे चार पैसे सोडणं किती अवघड गेलं असेल, याचा विचार करा.

तिसरी अवस्था सर्वात धोक्याची, आणि ती बाहेरून यशासारखी दिसते. लोक येतात, पुन्हा येतात, दुकानात गर्दी आहे, ऑर्डरी वेळेत पुऱ्या होत नाहीत, आणि तरीही महिन्याअखेरीस पैसे नाहीत. इथे मेहनत जितकी वाढवाल तितका तोटा वाढेल, कारण प्रत्येक नग तोट्यात जातोय किंवा पैसा उधारीत अडकतोय. अशा वेळी कामाचा वेग कमी करून आठवडाभर हिशेबाला बसणं हीच खरी मेहनत. कोणत्या मालात किती सुटतं, कोणतं गिऱ्हाईक किती दिवसांनी पैसे देतं, एवढं जरी वेगवेगळं मांडलं तरी दोन-तीन गोष्टी लगेच डोळ्यांत भरतात. कधी कधी सर्वात मोठं गिऱ्हाईकच सर्वात तोट्याचं निघतं. त्याच्याशी दराचं बोलायला धीर लागतो. पण ते बोलणं टाळून रात्रपाळ्या वाढवणं म्हणजे स्वतःच्या खिशातून त्याला पैसे देणं.

उधारी

मराठी उद्योजकांच्या बैठकीत बसलात तर दहा मिनिटांत विषय उधारीवर येतो. बुडालेल्या पैशाचं गणित लोकांच्या लक्षात येत नाही म्हणून मांडतो. विक्रीवर दहा टक्के सुटत असतील आणि एक लाख रुपये बुडाले, तर ते भरून काढायला दहा लाखांची जादा विक्री करावी लागते. दहा लाखांचा माल बनवणं, पोचवणं, बिलं करणं, आणि हे सगळं फक्त पूर्वपदावर यायला. एवढ्या मेहनतीच्या दहाव्या हिश्शात ते एक लाख वसूल करता आले असते.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांना कायद्याचा आधार आहे, तो माहीत असायला हवा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याला लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीनं व्याज लागू होतं. २०२३ च्या अर्थ कायद्याने प्राप्तिकरातही दुरुस्ती झाली. अशा उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यामुळे मार्चच्या आधी मोठ्या कंपन्यांचे लेखा विभाग तुमचं उद्यम, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग नोंदणीचं, प्रमाणपत्र मागतात. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि पूर्ण मोफत आहे, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. नोंदणीचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. पैसे फारच अडकले तर केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, ती राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे जाते. निव्वळ व्यापार करणाऱ्यांनी मात्र या तरतुदींवर विसंबू नये. त्या प्रामुख्याने उत्पादन आणि सेवा उद्योगांसाठी आहेत.

तक्रार केली तर गिऱ्हाईक तुटेल, ही भीती खरी आहे. म्हणून तक्रारीच्या आधीची पायरी महत्त्वाची. माल देतानाच मुदत लिहून घ्या. मुदतीच्या चार दिवस आधी आठवणीचा फोन करा, मुदत उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा करा, आणि दर वेळी आवाज सारखाच शांत ठेवा. जे वर्षानुवर्षं असं करतात, त्यांना पैसे आधी मिळतात. देणाऱ्याकडे पैसे कमी असले की तो आधी त्यालाच देतो जो विसरत नाही.

कर्जाबद्दल थोडक्यात. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत शिशू, ५ लाखांपर्यंत किशोर आणि १० लाखांपर्यंत तरुण गटात विनातारण कर्ज मिळतं. तरुण गटाचं कर्ज नीट फेडलेल्यांसाठी २० लाखांपर्यंतची सोय आता झाली आहे. अर्ज करताना दोन गोष्टी सांभाळा. यंत्रासाठी मुदतीचं कर्ज मागा. कॅश क्रेडिटमधून यंत्र घेतलंत तर खेळतं भांडवल लोखंडात अडकतं आणि कच्च्या मालाला पैसे उरत नाहीत. दुसरी गोष्ट, हप्ता सुरू होण्याआधी काही महिन्यांची सवलत मागा. न मागता ती मिळेलच असं नाही.

माणसांचा विश्वास

बेळगावात किर्लोस्करांचा जम बसतोय असं वाटत असताना नगरपालिकेच्या नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर माळरानाची जागा आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. निवडुंगाचं रान, सापांचा सुळसुळाट, पाण्याची मारामार.

बाळासाहेबांची ही उदारता मोठीच, पण ती अवचित आलेली नव्हती. लक्ष्मणरावांनी त्याआधी औंधला एका मोठ्या सभामंडपाचं काम केलेलं होतं आणि राजांनी त्यांचं काम पाहिलेलं होतं. दहा हजार रुपये त्या जुन्या कामाच्या भरवशावर आले. पुढे पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी नांगरांसाठी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या. संकटात मदत मिळेल की नाही हे बऱ्याच अंशी त्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं, दिलेल्या वेळेला काम पुरं केलं त्या दिवशी.

वाडीवर आलेल्या माणसांकडेही पाहावं. शाळा सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनिअर झाले. मंगेशराव रेगे कारकून म्हणून आले आणि हिशेबाचा सगळा भार त्यांनी उचलला. शंभूअण्णा जांभेकरांचा यंत्रावर विलक्षण हात होता. वसाहतीची सगळी व्यवस्था रामुअण्णांनी पाहिली. छोट्या उद्योजकाचा धंदा एका टप्प्यावर थांबतो, तो बहुतेकदा माणसांपाशी. सगळं स्वतःच करायचं, चावी स्वतःकडेच ठेवायची, ही मेहनत पहिल्या दोन-तीन वर्षांत लागते. त्यानंतर तीच अडथळा होते. एक काम निवडा, समजा बँकेचं किंवा खरेदीचं, आणि ते पूर्णपणे दुसऱ्याला शिकवा. तो पहिले काही महिने तुमच्याइतकं चांगलं करणार नाही. तेवढं सोसावं लागतं. शेजारच्या भिलवडीत १९३९ साली दुधाचा धंदा मांडणाऱ्या चितळ्यांच्या घराण्यातही कामं भावाभावांत वाटली गेली. एकानं दूध पाहिलं, एकानं पुण्याचं दुकान. आज पुण्यात त्या दुकानांची ओळख करून द्यावी लागत नाही.

सोडायचं कधी

चिकाटीवर लिहिणारे सहसा हा प्रश्न टाळतात, कारण त्यात चिकाटीचा अपमान होईल असं त्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. लक्ष्मणराव स्वतः चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले होते. रंग ओळखण्यात दोष आहे हे कळल्यावर त्यांनी रंगचित्रकला सोडली आणि यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. लिज्जतने १९७४ मध्ये खाकरा, १९७६ मध्ये मसाले आणि नंतर आणखी काही गोष्टी केल्या. त्यांतल्या बऱ्याच चालल्या. १९७९ मध्ये त्यांनी चामड्याच्या वस्तू, आगपेट्या आणि अगरबत्त्याही करून पाहिल्या. त्या चालल्या नाहीत आणि त्यांनी त्या सोडल्या. पापडासाठी पावसाळ्यातून वाट काढणाऱ्या संस्थेनं आगपेट्यांवर हट्ट केला नाही. पैसा आणि श्रम पुन्हा जिथे जम होता तिथे लागले.

सोडण्याचा निर्णय संकटाच्या रात्री घेऊ नका. त्या रात्री माणूस घाबरून चांगला धंदाही मोडतो किंवा ईर्षेला पेटून घर गहाण टाकतो. सुरुवातीलाच, डोकं शांत असताना, लिहून ठेवा: किती पैसे घालेन, कुठल्या तारखेपर्यंत थांबेन, आणि त्या तारखेला काय दिसलं तर पुढे जाईन. ‘परत येणारी चाळीस गिऱ्हाईकं’ किंवा ‘सलग तीन महिने खर्च भागेल इतकी विक्री’, असं काहीतरी मोजता येण्यासारखं. आणि राहत्या घराचे कागद, बायकोचे दागिने, आई-वडिलांची निवृत्तीची रक्कम या गोष्टी त्या यादीच्या बाहेर ठेवा. त्यांना हात लावायची वेळ आली तर समजा की मुदत संपलेली आहे.

शरीराचंही तेच. झोप कमी करून धंदा वाढवता येतो, पण थोडेच महिने. गडबडीच्या हंगामात चौदा तास काम करा, मग पुढच्या मंदीत ते भरून काढा. कायमचे चौदा तास ज्या धंद्याला लागतात, त्याची किंमत चुकीची ठरलेली आहे किंवा माणसं कमी आहेत.

धंदा बंद करायचाच ठरला, तर तो नीट बंद करा. यातही मेहनत आहे आणि ती वाया जात नाही. कामगारांचे पगार आधी द्या. ज्यांच्याकडून माल उधार घेतला त्यांना फोनवर टाळू नका, स्वतः जाऊन भेटा आणि थोडे थोडे का होईना, देण्याच्या तारखा लिहून द्या. जीएसटी नोंदणी रद्द केली की तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरावं लागतं. धंदाच बंद झाला, आता कसलं विवरणपत्र, म्हणून लोक ते सोडून देतात आणि मग दंडाची नोटीस येते. मशीन भंगारात काढण्याआधी ओळखीच्या वर्कशॉपवाल्यांना विचारा, भाव चांगला मिळतो. गिऱ्हाइकांची वही जपून ठेवा. आणि ज्या व्यापाऱ्याचे पैसे तुम्ही हप्त्याहप्त्याने का होईना पुरे फेडलेत, त्याचा नंबर फोनमध्ये राहू द्या; पुन्हा उभं राहायचं ठरवाल तेव्हा पहिला माल उधारीवर देणारा बहुधा तोच असेल.